मास्तर, तुझी दोन मिनिटं

“पूस! माझ्या डोळ्यांदेखत पूस! पूस म्हणतो ना, थापाड्या!”

पाऊण तास बाजा फुंकून झाल्यावरही माणसाच्या छातीत एवढं ओरडण्याइतका दम उरतो, हे मी त्या शुक्रवारी पाहिलं, मास्तर. कतारातल्या उम्म सलाल मोहम्मदच्या पुढे शेतांची कुंपणं संपतात आणि नुसती मोकळी धूळ सुरू होते, तिथं सलीमच्या पिकअपच्या हौद्यात तू उभा होतास. दापोलीचा सलीम, आपला ड्रायव्हर आणि आपला ढोलवाला, चाकाला पाठ लावून बसला होता. मी खाली वाळूत, हातात क्लॅरिनेट, शर्टाच्या खिशात चोरून चालू केलेला मोबाईल. तू पाठवणीची धून धरली होतीस. आवाज कुठल्या भिंतीला आपटून परत येत नव्हता. गेला तो जातच राहिला. मी कॅम्पात सांगतो की त्या दिवशी सौदीच्या हद्दीवरच्या पोलिसांनी गाडी थांबवून कान टवकारले. तू असतास तर लगेच म्हणाला असतास, “गप रं. दोन उंटांनी मान वळवली, तेवढंच.” बरं, दोन उंट. पण वळवली होती की नाही?

आणि ऐन शेवटच्या सुराला माझ्या खिशातून टिंग झालं. मेमरी भरली म्हणून मोबाईलनंच चुगली केली. तू हौद्यातून उडी मारलीस ती थेट माझ्या छातीवर. “पूस!”

मी पुसलं. जन्मभर मी तुझं एक ऐकलं नाही. क्लॅरिनेटची पट्टी बदलू नको म्हणालास, बदलली. उधारीवर मोटारसायकल घेऊ नको म्हणालास, घेतली. थापा मारू नको म्हणालास, तर त्या दिवसापासून दुप्पट मारल्या. तेवढं एकच ऐकलं. तुझ्या समोर बोट दाबून पाऊण तास पुसून टाकला.

तुला पेटीत घालून विमानात चढवल्याला आज बारा दिवस झाले. आणि तेराव्याच्या तयारीत असलेल्या सुनंदावहिनींनी फोनवर एकच मागितलं आहे. “भाऊजी, त्यांचा बाजा कुणाच्या मोबाईलात आहे काय? पोरीला ऐकायचाय. मलापण एकदा.”

म्हणून हे लिहायला बसलोय. तुझ्याशी भांडायचं राहिलंय, आणि एक गोष्ट सांगायची राहिलीय. आधी भांडण.

कॉर्नेट. गावात त्याला कुणी या नावानं हाक मारली नाही, सगळे बाजाच म्हणायचे. पलटणीतून पेन्शनीत आलेल्या हवालदारानं तो तुला दिला, तोंडाशी पोचे पडलेला, दोन बटणं अडकणारा. हवालदार शिस्तीचा. सूर सरळ, पाय सरळ, पाठ सरळ. आणि तू त्याचा चेला असा निघालास की ओळीच्या टोकाला जिथं दुसरे बँड दणकन उतरायचे तिथं तू मागं रेंगाळायचास. अर्धं पाऊल उशिरा यायचास. मग नाचणाऱ्यांचा उचललेला पाय हवेतच राहायचा, आणि तू आलास की सगळे पाय एकदम पडायचे. धूळ अशी उडायची की नवरदेवाचा घोडा शिंकायचा. हवालदार तुला म्हणाला होता, “सातासमुद्रापार एका बंदरात काळी माणसं असंच वाजवतात, मी रेकॉर्ड ऐकल्यात पलटणीत. तुला कुणी शिकवलं?” तू म्हणालास, “मला दम लागतो, म्हणून उशीर होतो.” ही थाप नाही. मी तिथं होतो, बारा वर्षांचा, खुळखुळा हातात.

पुढं तुझा स्वतःचा बँड झाला आणि आवाज असा झाला की खाडीच्या अलीकडे तू फुंकलास की पलीकडच्या गावातली नवरी आपलीच वरात आली म्हणून उठून उभी राहायची. मी दोन नवऱ्या सांगायचो, तू म्हणायचास एकच. आता तू नाहीस, तर परवा मेसमध्ये मी पाच सांगितल्या. कुणी हटकलं नाही. पाच नवऱ्या उभ्या राहिल्या आणि बसल्या, आणि मला इतकं एकटं वाटलं की भात तसाच टाकून उठलो. थापाड्याला एक हटकणारा लागतो, मास्तर. नाहीतर तो नुसता खोटारडा होतो.

रेकॉर्डिंगचा तुझा राग कुठून आला तेही मला ठाऊक होतं. पलीकडच्या तालुक्यातल्या एका बँडमास्तरानं माणगावच्या लग्नात केळीच्या टोपलीत टेपरेकॉर्डर लपवून तुला भरून नेलं. पुढच्या हंगामात त्याचा वाजवणारा तुझ्या सगळ्या हरकती जशाच्या तशा वाजवत होता. तुझं रेंगाळणंसुद्धा. फक्त त्याला ते घड्याळ लावल्यासारखं एकाच जागी रेंगाळता यायचं. तेव्हापासून टेप बंद, आणि उजव्या हातावर रुमाल. बटणावरची बोटं कुणाला दिसू नयेत म्हणून. पांढरा रुमाल, लाल दोऱ्याची शिवण, वहिनींच्या हातची. सूर जुळवताना, घसा साफ करताना रुमाल नसायचा. खरं वाजवायचं असलं की आधी रुमाल पडायचा हातावर. मांडवातली म्हातारी माणसंसुद्धा ओळखायची. म्हणायची, “पडला रुमाल. आता बसा रं खाली.”

आणि ज्यांच्या पोरी तू मांडवातून वाजत-गाजत सासरी पाठवल्यास, त्यांच्या पंगतीत तुझं पान शेवटचं. मांडवाबाहेर, चुलाणाच्या धुरात, बँडवाल्यांच्या रांगेत. तुझ्या धुनेवर डोळे पुसलेल्या बाया तुला वरून भात वाढायच्या, हात लागणार नाही असा. तू कधी बोलला नाहीस. मी बोलायचो, तर म्हणायचास, “भात गरम आहे का? मग जेव.”

मग डीजे आला. टेम्पोवर कपाटाएवढे स्पीकर, आणि एक पोरगा मान हलवणारा. दोन हंगामांत बँड बसला. युफोनियमवाल्यानं पंक्चरचं दुकान टाकलं. आपण दोघं डक्टफिटर म्हणून कतारला आलो. एसीच्या हवेचे पत्र्याचे बोगदे जोडायचे. पत्रा पितळेचा नसला तरी पत्राच, असं तू म्हणाला होतास, आणि मला तुझी दया आली होती. बाजा तू सुटकेसमध्ये चादरीत गुंडाळून आणलास. विमानतळावर त्यांनी उघडायला लावलं. हे काय म्हणून विचारल्यावर तू एक सूर लावलास, आणि सामानाचा पट्टा जागच्या जागी थांबला. तू म्हणायचास पट्टा आधीच बंद होता. मी म्हणतो, तुला काय माहीत, तू डोळे मिटले होतेस.

अकरा वर्षं, मास्तर. तालुकेच्या तालुके उठवणारा माणूस, तो एक शुक्रवार सोडला तर, अकरा वर्षं ब्लँकेटात तोंड घालून वाजवत राहिला. खोलीत आठ जण, निम्मे रात्रपाळीचे, कुणी ना कुणी झोपलेलंच. म्हणून तू बाज्याच्या तोंडात स्टीलचा मग खुपसलास. आणि तो मग हलवता हलवता एक दिवस बाजा माणसासारखा बोलायला लागला. नाकात, रडक्या आवाजात, पण अगदी स्पष्ट. “जे-व-लास काऽऽ?” समोरच्या बंकवरचा नेपाळी झोपेत म्हणाला, “खाएँ, खाएँ.” जेवलो, जेवलो. त्या दिवशी खोली हसली तशी पुन्हा हसली नाही. दर शुक्रवारी फोन लावून तू वहिनींना आधी बाज्यातूनच विचारायचास, जेवलीस का. मग बोलायचास.

इकडे लुसैलचं नवं शहर वाळूतून वर येत होतं. कॉर्निशवर, समुद्रकाठच्या रस्त्याला, उलटं चालणारं घड्याळ लावलं होतं, फुटबॉलच्या वर्ल्ड कपाला इतके दिवस राहिले म्हणून. कप जसा जवळ आला तशा आपल्या पाळ्या लांबल्या. तू स्टेडियमच्या पोटात शिरून डक्टला ग्लासवूल, काचेचा कापूस, गुंडाळत होतास. सगळं जग येऊन जी गार हवा खाणार ती तुझ्या हातच्या पत्र्यातून जाणार, असं मी छाती फुगवून सांगायचो. तू खोकायचास. ग्लासवूलची कूस घशात जाते, दुसरं काही नाही, असं म्हणायचास. मगातला “जेवलास का” हळूहळू “जेवलास”वरच थांबायला लागला होता. मी ऐकत होतो, मास्तर. क्लॅरिनेटवाला शेजारच्याचा दम मोजतच असतो. बोललो नाही, एवढंच.

केतकी मॅडम आपल्याला अल हिलाल भागातल्या एका गणपतीत भेटल्या. पुण्याच्या, एका इव्हेंट कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, लुसैलला ऑफिस. त्यांच्या व्हिलात गणपती, खिडक्या बंद, पडदे ओढलेले. “काका, वाजवा हं, पण आवाज बाहेर नको जायला, प्लीज.” तू बाज्याला मग लावून आरती वाजवलीस. नंतर त्यांच्या मुलीला बाज्यातून विचारलंस, जेवलीस का. ती चिमुरडी इंग्रजीत म्हणाली, “नॉट येट.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि ऐक, त्या बाईनं आपल्याला सगळ्यांबरोबर टेबलावर बसवलं. स्वतः उकडीचा मोदक फोडून तूप घातलं तुझ्या ताटात. तू कॅम्पात परत आलास, बाजा चादरीत गुंडाळलास. मग म्हणालास, “पहिल्या पंगतीला बसलो आज.” म्हणून त्या बाईबद्दल पुढं जे सांगतो, ते नीट ऐक.

महिन्याभरानं त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. कपाच्या आधीची मिरवणूक, लुसैलच्या रुंद रस्त्यावर. ब्रास बँड हवा. “काका, मला ओरिजिनल फील पाहिजे, एकदम मातीतला. ट्रॅक रेडी आहे, स्टुडिओतला. तुम्ही फक्त ॲक्शन करायची. वाजवायचं नाही. आउटडोअर साऊंड कंट्रोल होत नाही ना.”

मी म्हटलं, “मॅडम, मास्तर हा असा माणूस आहे. शेवटी दोन मिनिटं स्पीकर बंद करा आणि त्याला वाजवू द्या. सगळं लुसैल थांबेल.”

मॅडमचा फोन वाजत होता. त्या उठता उठता म्हणाल्या, “बघू या ना काका, इन्शाल्ला.”

अकरा वर्षं कतारात काढलेल्या माणसाला ऑफिसातल्या इन्शाल्लाचा अर्थ विचारावा लागत नाही. रजा कधी? इन्शाल्ला. खोलीतला एसी? इन्शाल्ला. मला तो अर्थ पाठ होता. तरी मी तो शब्द उचलला, धुतला, कडक इस्त्री केली, आणि संध्याकाळी मेसमध्ये तुझ्यासमोर ठेवला.

तू आधी पेटलास. “नुसते गाल फुगवायचे? मी काय दुकानाच्या काचेतला पुतळा? ज्या स्पीकरनं मला गावातून हाकललं, त्याच्याच मागून चालू?”

मी म्हटलं, “ऐकून तरी घे. शेवटी दोन मिनिटं स्पीकर बंद. तू एकटा. मोकळ्या आकाशाखाली, मग नाही, ब्लँकेट नाही. मॅडमनी शब्द दिलाय.”

“कुणी?”

“केतकी मॅडमनी. स्वतः.”

तू बराच वेळ आमटीत चमचा फिरवत राहिलास. मग म्हणालास, “तिनं दिलाय ना? मग जाऊ.”

माझ्यावर तू विश्वास ठेवला नव्हतास, मास्तर. तेवढा तू शहाणा होतास. त्या मोदकावर ठेवलास.

त्यानंतरचा महिना तू दोन मिनिटांचाच जगलास. सलीमच्या घड्याळावर लावून ब्लँकेटात वाजवून बघायचास, खोकला कुठं येतो ते हेरायचास, आणि तो यायच्या आधी धून वळवायचास. पाठवणीचीच धून. वहिनींना निरोप गेला, नवा रुमाल शीव. रजेवरून येणाऱ्या एका फिटरच्या हातून तो आला, पिशवीत घडी घालून, लाल शिवणीत एका कोपऱ्याला तुझ्या नावाचं द. सलीम म्हणाला, “मास्तर, लग्न करताय काय दुसरं?” तू लाजलास रे. पन्नाशी उलटलेला काळा माणूस लाजला की कसा दिसतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

मिरवणुकीचा दिवस. आपल्याला लाल कोट, सोनेरी गोंडे आणि फेटा दिला. कुठल्या देशाचे ते देवाला ठाऊक. पुढच्या रांगेत तू, मागं मी, माझ्यामागं सलीम ढोल घेऊन, आणि ज्यांनी उभ्या जन्मात शिट्टीसुद्धा वाजवली नाही असे सहा जण युफोनियम कडेवर मूल घ्यावं तसं घेऊन. पुढच्या ट्रकवर स्पीकर. गावच्या डीजेचे थोरले काका. तू वळून कोटाच्या खिशावर हात मारलास. “रुमाल इथं आहे. दोन मिनिटांना काढतो.”

स्पीकर सुरू झाले आणि पुढचं मला फक्त पोटात आठवतं. कान नव्हतेच. कुठल्यातरी समुद्रकाठच्या देशाची धून, झांजा, शिट्ट्या, आणि त्यात एक कॉर्नेट. कुणाचा तरी. सरळ, स्वच्छ, एकदाही न रेंगाळणारा. आपण चालत होतो. दोन्हीकडे माणसं मोबाईल वर धरून उभी. मला तुझी पाठ दिसत होती, खोकला दाबताना हलणारी. शेवटचं वळण आलं. मंच दिसला. मी ट्रककडे बघत होतो, जणू माझ्या बघण्यानं तो स्पीकर बंद पडणार होता. जणू एवढ्या वर्षांत एकदा तरी माझी थाप खरी होणार होती. तुझं कोपर वर गेलेलं मी पाहिलं. पाठ ताठ झाली. हवालदारानं शिकवली तशी.

ट्रॅक संपला. अर्धा श्वास शांतता. आणि तोच ट्रॅक पहिल्यापासून सुरू झाला.

वॉकीटॉकीवाला हात हलवत आला. “खलास, खलास. यल्ला, बस, बस!” म्हणजे आटोपलं, चला, बसमध्ये चढा.

बसमध्ये मी तुझ्या शेजारी बसलो. स्पीकरनं कान अजून भणभणत होते, म्हणून ओरडूनच विचारलं, “शेवटी तू फुंकलंस ना? त्या वळणावर? फुंकलंस की नुसते गाल फुगवलेस?”

तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, “तुला काय ऐकू आलं?”

“स्पीकर.”

“मग झालं तर.”

“मग झालं म्हणजे? सांग ना! वाजवलंस का नाही?”

“शब्द दिला होता ना तिनं?”

इथं, मास्तर. इथं मला तोंड उघडायचं होतं. पायाशी तुझा बाजा आणि माझं क्लॅरिनेट, सोनेरी गोंडे मांडीवर. मी तोंड उघडलंही. म्हणालो, “दिला होता. मोठ्या लोकांचं असंच. फसवलं तिनं.”

तू मान हलवलीस. म्हणालास, “मोदक घातला होता तिनं.”

मग मला राग आला. माझ्याच थापेचा राग मी तुझ्यावर काढला. म्हणालो, तुझ्यात दम असता तर तू स्पीकरवर मात केली असतीस. तू घाबरलास. पुतळा तो पुतळाच. हे शेवटचं. नऊ दिवस आपण एका खोलीत, एका बाथरूमच्या रांगेत, एका मेसच्या टेबलावर, आणि एक शब्द नाही. नवव्या दिवशी तू माझ्या बंककडे बघून काहीतरी बोलणार होतास, मी उशी कानावर घेतली. दहाव्या सकाळी तुझ्या मोबाईलचा गजर वाजतच राहिला. आम्ही म्हटलं, मास्तर, बंद कर रे. मास्तर!

मृत्यूच्या कागदावर लिहिलं होतं, नैसर्गिक. पन्नाशीतला माणूस उठतो, ग्लासवूल गुंडाळतो, खोकतो आणि एक दिवस उठत नाही, ते इथं नैसर्गिक असतं. मी त्यावरही थाप मारून बघितली. म्हटलं, मास्तरच्या छातीत इतकी हवा साठली होती की हृदयाला जागा उरली नाही. सलीम म्हणाला, “आता बस कर.” सलीम मला आजवर कधी असं बोलला नव्हता.

तर हे ते सांगायचं राहिलेलं. तिनं शब्द दिला नव्हता. तू गेलास तो एका मोदक वाढणाऱ्या बाईला खोटारडी समजून गेलास, आणि खोटारडा तुझ्या वरच्या बंकवर झोपला होता. मॅडमनी तुझ्या बातमीनंतर फोन केला. त्या खरंच रडत होत्या. म्हणाल्या, “काका, मिरवणुकीचा व्हिडिओ आहे, प्रोफेशनल. मास्तरांचे खूप छान क्लोज-अप आलेत. साऊंड पण एकदम क्लीन आहे. घरच्यांना द्या.”

दिला त्यांनी. मी पन्नास वेळा पाहिला. खरंच पन्नास, सलीमला विचार. तुझे गाल फुगतात, गळ्याच्या शिरा तटतटतात, घाम फेट्यातून खाली येतो. ओठ बाज्यावर घट्ट. आणि आवाज त्या दुसऱ्याचा. सरळ, स्वच्छ. तुझा आवाज जगात कुठं नाही, मास्तर. एक पाऊण तास होता, तो मी पुसला. आता जे आहे त्यात तुझ्या तोंडातून परका माणूस वाजतो आणि खाली कंपनीचं नाव सरकतं.

पण मी ओठच बघत होतो. मीही फुंकणारा, मला ओठच दिसतात. आणि पन्नासाव्या वेळी मी स्वतःला पटवलं की वळणावर तू वाजवलंस. तुझे ओठ ट्रॅकच्या मागं होते. अर्धं पाऊल मागं. तुझं ते रेंगाळणं. कोण म्हणतो पुतळा?

आज सकाळी व्हिडिओ वहिनींना पाठवला आणि फोन लावला. आयुष्यात मारली नव्हती एवढी मोठी मारली. म्हटलं, “वहिनी, गाणं ऐकू नका, ते स्पीकरचं. त्याच्या खाली मास्तर खरा वाजवतोय. मी हातभर अंतरावर होतो. शेवटी स्पीकर फिके पडले त्याच्यापुढं. रस्त्यावरचे लोक रडले. एक शेख गाडीतून उतरला. पाठवणीची धून वाजवली त्यानं, अख्खी, दोन मिनिटं. लुसैलच्या काचा हलल्या, वहिनी. पोरीला सांगा, तिच्या बापानं शेवटी मोकळ्यावर वाजवलं.”

पलीकडे व्हिडिओ चालू होता. तो परका कॉर्नेट मला फोनमधून पुन्हा ऐकू येत होता, लहान, मच्छरासारखा. मग तो संपला. वहिनींनी पुन्हा लावला. पुन्हा संपला.

मग त्या म्हणाल्या, “हातावर रुमाल नाही, भाऊजी. तुम्ही जेवलात का?”